डॅन्सव्हिल : अमेरिकन रेडक्रॉसची पहिली शाखा

अमेरिकन रेडक्रॉसची पहिली स्थानिक शाखा न्यूयॉर्क राज्यातील डॅन्सव्हिल या लहानशा गावात, तेथील ल्युथरन चर्चमध्ये, २२ ऑगस्ट १८८१ रोजी स्थापन झाली. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १९३१ मध्ये दोन सेंटचे टपाल तिकीट निघाले, तेव्हा राजधानी वॉशिंग्टनबरोबरच डॅन्सव्हिलमधूनही ते प्रसृत करण्यात आले, त्यामागे हाच इतिहास होता.

गावाला हा मान मिळाला तो संस्थेच्या संस्थापक क्लारा बार्टन यांच्या आजारपणामुळे. अमेरिकन यादवी युद्धात जखमींची शुश्रूषा करून नावारूपाला आलेल्या आणि पुढे १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात रेडक्रॉसचे कार्य जवळून पाहिलेल्या बार्टन प्रकृती पार ढासळल्याने १८७६ मध्ये येथील टेकडीवरच्या डॉ. जेम्स जॅक्सन यांच्या आरोग्यधामात आल्या. जलोपचार, साधा आहार आणि विश्रांती यांवर भर देणाऱ्या या ठिकाणी त्यांना उतार पडला आणि पुढे गावातच घर घेऊन सुमारे दहा वर्षे त्या तेथे राहिल्या.

युद्धातील जखमी सैनिकांना व त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या १८६४ च्या जिनिव्हा करारात अमेरिका त्या वेळी सामील झालेली नव्हती, कारण युरोपीय राष्ट्रांच्या राजकारणात गुंतून पडू नये असे तिचे जुने धोरण होते. शिवाय, देशात पुन्हा यादवी युद्धासारखे युद्ध होणारच नसेल तर रेडक्रॉससारखी संस्था हवी कशाला, अशीही शंका घेतली जाई. पूर, आगी, साथी आणि दुष्काळ शांततेच्या काळातही येतच राहतात, तेव्हा त्यांच्यासाठीही हीच यंत्रणा राबवावी, हे बार्टन यांचे उत्तर त्यांच्या द्रष्टेपणाची साक्ष देते.

या उत्तराची कसोटी लगेचच लागली. शाखा निघून दोन आठवडे होतात न होतात तोच, ५ सप्टेंबर रोजी मिशिगन राज्याच्या अंगठ्याच्या आकाराच्या द्वीपकल्पात वणवा भडकला. दीर्घ अवर्षण, लाकूडतोडीनंतर रानात तसाच पडून राहिलेला वाळका काडीकचरा आणि सोसाट्याचा वारा यांमुळे तो आवरला नाही आणि त्यात अडीचशेहून अधिक माणसे दगावली, हजारो बेघर झाली. डॅन्सव्हिलकरांनी तातडीने पैसा व सामान गोळा केले, पाठोपाठ रॉचेस्टर आणि सिरॅक्यूज येथेही शाखा निघून त्यांची मदत त्यात मिळाली, आणि मिशिगनमध्येच वैद्यकाचे शिक्षण घेत असलेले ज्युलियन हबेल बार्टन यांच्या वतीने वणवाग्रस्त भागात गेले. कोणाला काय हवे हे तेथे जाऊन पाहावे आणि मगच वाटप करावे, ही आज साधी वाटणारी शिस्त मोलाची होती, कारण लांबून आलेली मदत पुष्कळदा नको त्या वस्तूंनीच भरलेली असते.

मार्च १८८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी अखेर जिनिव्हा करारावर सही केली, आणि १८८४ च्या जिनिव्हा परिषदेत, बार्टन स्वतः उपस्थित असताना, नैसर्गिक आपत्तीतील मदतकार्य हे रेडक्रॉसच्या कार्यक्षेत्रात असल्याचे मान्य झाले.