भाताच्या खाचरातील मित्रकीटक : फवारणीपूर्वी काय पाहावे?

कल्याण, अंबरनाथ, मुरबाड पट्ट्यात भात पोटरीवर आला की फोन सुरू होतात. "साहेब, चुडात हिरवे किडे फिरतायत, काय मारू?" पुष्कळदा ते मिरीड ढेकूण निघतात. अंगाने नाजूक, फिकट हिरवा, डोके काळसर. हा ढेकूण तपकिरी तुडतुड्यांची अंडी शोषतो. त्यालाच मारले तर तुडतुड्यांना रान मोकळे होते.

कीटकशास्त्रज्ञ पीटर केनमोर यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस फिलिपिन्समध्ये हेच तपासले. फवारणी न केलेल्या खाचरात तुडतुडे आटोक्यात राहिले, वारंवार फवारलेल्या खाचरात उलट वाढले. कारण सरळ आहे. तुडतुड्याची अंडी पानाच्या आवरणात दडलेली असल्याने बचावतात. कोळी, मिरीड ढेकूण मात्र उघड्यावर मरतात. पिल्ले बाहेर येतात तेव्हा त्यांना खाणारे कोणी उरलेले नसते. पुढे इंडोनेशियाने 1986 मध्ये 57 कीटकनाशकांचा भातावरील वापर बंद केला.

पण किडी येण्याआधी हे कोळी जगतात कशावर? जावा बेटावरील अभ्यासात याचे उत्तर मिळाले. लावणीनंतर पाण्यातील कुजक्या पदार्थांवर वाढणाऱ्या निरुपद्रवी चिलटांवर आणि बारीक कीटकांवर मित्रकीटक सुरुवातीला पोसले जातात. खाचरात सेंद्रिय पदार्थ वाढवले तेव्हा त्यांची संख्याही वाढली. शेणखत आणि गिरिपुष्पाचा पाला फक्त नत्रासाठी नसतो, तो असा.

म्हणून लावणीनंतरच्या पहिल्या महिन्यात 'एक हात मारून ठेवू' म्हणून फवारू नये. मीही नोकरीच्या सुरुवातीला तसा सल्ला दिला आहे, चुकीचा होता. या काळात थोडी पाने खाल्ली गेली तरी भात ते भरून काढतो. बांधावरून पाहून निर्णय घेऊ नका. खाचरात उतरून वेगवेगळ्या ठिकाणचे 20 चूड बुंध्यापाशी हलवून पाहा. तुडतुडे प्रति चूड 5 ते 10 झाले, किंवा खोडकिड्याचे 5 टक्के गाभेमर अथवा प्रति चौरस मीटर 1 अंडीपुंज दिसला, तरच औषधाचा विचार करा. त्याच चुडात कोळी आणि मिरीड ढेकूण भरपूर असतील तर दोन-तीन दिवस थांबून पुन्हा मोजा. फोरेट दाणेदार अजून कोणी मागतो. त्यावर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे.

बांध तणनाशकाने लख्ख करण्याची नवी सवय लागली आहे. चीन, थायलंड आणि व्हिएतनाममधील भातशेतीवर 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बांधावर मधुरस देणारी फुलझाडे लावली होती. तिथे फवारण्या 70 टक्क्यांनी घटल्या, उत्पादन 5 टक्क्यांनी वाढले. आपल्याकडे पाणी न साचणाऱ्या बांधावर तीळ किंवा झेंडू सहज होतो.

भाजीवाल्यांसाठी वेगळी गोष्ट. वेलवर्गीय भाज्यांत नर-मादी फुले वेगळी, कीटक नसतील तर फळ वाकडे होते किंवा गळते. काकडी, लाल भोपळ्याची फुले सकाळी उघडतात, त्यामुळे फवारणी अटळ असेल तर संध्याकाळी. पण दोडका आणि दुधी संध्याकाळी फुलतात! तिथे हाच सल्ला उलटा पडतो. विस्तार कार्यकर्त्यांनी सरसकट 'संध्याकाळी फवारा' असे सांगू नये.

घोडबंदर रस्त्यावर ओवळे गावात राजेंद्र ओवळेकर यांनी घरच्या शेतजमिनीवर फुलपाखरू उद्यान उभे केले आहे. तिथे फुलपाखरे कोंडून ठेवलेली नाहीत. अळ्यांचे खाद्य असलेली झाडे आणि मधुरसाची फुले लावली, फुलपाखरे आपणहून येतात. अळीचे झाड नसेल तर नुसत्या फुलांवर भागत नाही. 2015 मध्ये राज्य फुलपाखरू ठरलेल्या राणी पाकोळीची अळीसुद्धा लिंबूवर्गीय झाडांची पानेच खाते. परसातल्या मोठ्या लिंबावर चार अळ्या दिसल्या म्हणून पंप काढायची गरज नाही. लहान कलमावर असतील तर हाताने वेचा.

डोंबिवली-शीळ भागात खाचरांचे प्लॉट झाले. कीटकांना आसरा उरलाय तो शेवटच्या शेतांच्या बांधांवर, ओढ्याकाठी आणि मलंगगडाच्या पायथ्याशी. तुमच्या शेजारी इमारत उभी राहिली असेल, तर तुमचा बांध हाच त्यांचा बहुतेक शेवटचा मुक्काम. यंदा निदान एका बांधावर तणनाशक मारू नका आणि भाद्रपदात त्याच्या लगतच्या 10 चुडांतले कोळी मोजून आम्हाला कळवा.