पिस्टनखालची पिचकारी

ऊस हंगामाच्या तोंडावर सहा सिलिंडरचा एक ट्रक माझ्याकडे परत आला. सहा महिन्यांपूर्वी त्याचं इंजिन मीच बांधलं होतं. खोललं तर चार नंबरचा पिस्टन लायनरला धरलेला, बाकीचे पाच स्वच्छ. त्या पिस्टनखालचा ऑइल जेट काढून कंप्रेसरची हवा मारली, तरी ती पार जाईना. आत सिलिकॉन सीलंटचा मोहरीएवढा तुकडा. तो माझ्याच कामातला होता. पिस्टन, लायनर आणि मजुरी मी भरून दिली.

जेट म्हणजे ब्लॉकमध्ये, पिस्टनच्या बुडाशी बसवलेली बारीक पिचकारी. जळत्या वायूचं तापमान २००० अंशांच्या वर जातं आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. रिंगांमधून बरीच उष्णता लायनरला जाते, पण टर्बो इंजिनात तेवढ्यानं भागत नाही. म्हणून खालून ऑइलची धार पिस्टनच्या पोटावर मारतात. गजन पिनलाही तेच ऑइल मिळतं.

बऱ्याच जेटमध्ये स्प्रिंग आणि गोळी असते. दाब साधारण दीड-दोन बार झाला की गोळी उठते. नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये पाहायचा. इंजिन रेसवर नसताना जेट बंद राहिला पाहिजे, नाहीतर बेअरिंगच्या वाट्याचं ऑइल तिकडे जातं. गोळी उघडी अडकली तर दाब पडतो, बंद अडकली तर पिस्टन जातो.

आता मी प्रत्येक जेट स्वच्छ डिझेलमध्ये भिजवतो, भोकातून तंगूस ओवतो, मग हवा मारतो. स्टीलची तार कधीच घालत नाही. भोक मोठं झालं की जेट बाद. नंतर तोंडानं फुंकायचं; एवढ्याशा दाबाला गोळी उठता कामा नये, म्हणजे हवा जाता कामा नये. मग हातपंप आणि कमी दाबाचं गेज लावून पातळ ऑइल सोडायचं. धार शेवईसारखी सरळ, एकसंध हवी. फवारा उडाला किंवा थेंब गळत राहिले तर नवा जेट. पिस्टन वरून उतरवताना कनेक्टिंग रॉड लागून जेटची नळी वाकते, धार चुकते. म्हणून बसवल्यावर क्रँक हातानं दोन फेरे फिरवून रॉड कुठे घासत नाही ना, हे बघतो.

बेअरिंग जळून चुरा झाला असेल, तर सगळे जेट बदलाच. तो चुरा गोळीच्या बैठकीत बसतो आणि धुऊन निघेलच असं नाही.

तुमच्या गाडीचं इंजिन खोललं असेल, तर ब्लॉक बंद होण्याआधी मिस्त्रींकडे जा आणि प्रत्येक जेटची धार डोळ्यांनी बघून या.