रतामाच्या झुडपाखालचा एलीया

पावसानं दगा दिला की राजाला आधी आपले घोडे आठवतात. इसवी सनापूर्वी नवव्या शतकात उत्तर इस्राएलच्या अहाब राजाचं असंच झालं. दुष्काळाचं तिसरं वर्ष लागलं, तेव्हा तो आणि त्याचा कारभारी ओबद्या देश वाटून घेऊन चाऱ्याच्या शोधात निघाले. घोडे आणि खेचरं जगावीत एवढीच चिंता. माणसं काय खात होती, याची चौकशी राजानं केल्याचं बायबलमध्ये कुठंही आलेलं नाही. हा अहाब केवळ कथेतला नाही. अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसर याच्या शिलालेखात, इ.स.पू. ८५३च्या लढाईत त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या राजांमध्ये अहाबचं नाव कोरलेलं आहे.

हा दुष्काळ येणार, हे अहाबला तोंडावर सांगणारा माणूस म्हणजे गिलाद प्रांतातला संदेष्टा एलीया. केसाळ वस्त्र आणि कमरेला चामडी पट्टा एवढाच त्याचा पोशाख. ज्या काळी दरबारी भविष्यवेत्ते राजाला गोड वाटेल तेच बोलत, त्या काळी त्यानं हे धाडस केलं आणि मग जीव वाचवायला त्याला रानात लपावं लागलं.

ज्या ओढ्याकाठी तो लपला होता, तो आटल्यावर त्याला आसरा मिळाला तो सारफथ गावच्या एका विधवेकडे. सारफथ सीदोनच्या मुलखातलं, म्हणजे पुढं एलीयाच्या जिवावर उठलेल्या, अहाबच्या ईजबेल राणीच्याच माहेरचं. ही बाई गावाच्या वेशीपाशी काटक्या वेचत होती. घरात मूठभर पीठ आणि तळाला थोडं तेल उरलेलं. शेवटची भाकर करून आपण आणि लेकानं खायची आणि मग मरणाची वाट पाहायची, असं तिनं ठरवलं होतं. त्या भाकरीतला वाटा तिनं परक्या पाहुण्याला दिला, आणि दुष्काळ सरेपर्यंत तिच्या मडक्यातलं पीठ संपलं नाही, असं कथा सांगते. चमत्कार मानावा की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. पण देवाच्या माणसाला जगवलं ते परधर्मी, परमुलखातल्या, सर्वांत गरीब बाईनं, ही गोष्ट कथाकारानं मुद्दाम नोंदवली आहे.

महाराष्ट्रात एलीयाला सर्वांत जिव्हाळ्यानं जपलं ते कोकणातल्या बेने इस्राएल समाजानं. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि त्यातून वाचलेल्यांचे आपण वंशज, अशी या मराठीभाषक ज्यूंची परंपरा सांगते. तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी तो बंद ठेवायचा, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांचा ‘एलियाहू हन्नबी’ नवसाला पावतो. लग्नाआधी, नवस फेडताना, घरात काही चांगलं घडल्यावर पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि फळांचं ताट मांडून त्याच्या नावानं मलिदा होतो. वऱ्हाडात हीच कथा मराठी ख्रिस्ती घरांतून ऐकू येते. ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या मंडळीच्या भारतातल्या कामाचं अकोला हे जुनं केंद्र.

एलीयाची सर्वांत गाजलेली गोष्ट कर्मेल डोंगरावरची आहे. बआल दैवताच्या ४५० संदेष्ट्यांना त्यानं एकट्यानं आव्हान दिलं, त्याच्या वेदीवर आकाशातून अग्नी उतरला, लोकांनी जयजयकार केला. त्यानंतर त्या संदेष्ट्यांची कत्तल झाली. आजच्या वाचकाला ही कत्तल खुपते आणि ती खुपलीच पाहिजे. पाऊसही पडला. कथा इथं संपली असती, तर ती विजयाची एक साधी कथा झाली असती.

ती संपत नाही, आणि तिचं खरं मोल पुढच्याच प्रसंगात आहे. ईजबेल राणीचा एक निरोप येतो, उद्यापर्यंत तुला संपवते म्हणून, आणि काल हजारोंसमोर ताठ उभा असलेला हा माणूस कोलमडतो. शेजारच्या यहूदा राज्याच्या दक्षिण टोकापर्यंत पळतो, सोबतच्या गड्याला बैर-शेबा इथं मागं ठेवतो आणि एकटाच रानात शिरतो. रतामाच्या एका झुडपाखाली बसून तो देवाकडे मरण मागतो. आपण आपल्या बापजाद्यांपेक्षा काही बरे निघालो नाही, असं त्याला वाटतं. आणि तिथंच झोपून जातो.

इतक्या मोठ्या संदेष्ट्याला अशा अवस्थेत पाहून देव काय म्हणाला असेल? काहीच नाही. त्यानं दूत पाठवला. दूतानं झोपलेल्याला हलवून उठवलं. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू होता. एलीया जेवला, पाणी प्यायला आणि पुन्हा झोपला. दूतानं दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घातलं आणि सांगितलं ते इतकंच, की पुढची वाट तुला झेपायची नाही, पोटात काही असू दे. श्रद्धा कमी पडली का, काल एवढं दाखवलं तरी भ्यालास कसा, असा एकही प्रश्न नाही.

होरेब डोंगरावर पोचल्यावर मात्र प्रश्न येतो: तू इथं का आलास? एलीया तक्रार मांडतो, मी एकटाच उरलोय. मग सोसाट्याचा वारा सुटतो, भूकंप होतो, अग्नी पेटतो. या तिन्हींत देव नसतो. कर्मेलवर ज्या अग्नीनं जयजयकार मिळवून दिला होता, तोच इथं रिकामा निघतो. शेवटी येतो अगदी हलका, शांत आवाज. तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो आणि एलीया तीच तक्रार शब्दाशब्दानं पुन्हा सांगतो. देव ती दुसऱ्यांदाही ऐकून घेतो. मग त्याला नेमकं काम देतो, अलीशा नावाचा जोडीदार देतो, आणि तुझ्यासारखे आणखी सात हजार जण देशात आहेत, हेही सांगतो.

अमरावती-अकोल्याच्या वाचकाला या प्रसंगाची ओळख करून द्यावी लागत नाही. कापूस-सोयाबीनच्या या पट्ट्यात दुबार पेरणी, पडलेला भाव आणि डोक्यावरचं कर्ज यांनी खचलेली माणसं प्रत्येक गावानं पाहिली आहेत. २००६ साली केंद्रानं ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं, त्यांत हे दोन्ही जिल्हे होते. पण खचलेल्या माणसाच्या उशाशी बसायचं कुणी?

त्याचं एक उत्तर अमरावती जिल्ह्यातच तपासलं गेलं. ‘विश्राम’ नावाच्या उपक्रमात ३० गावांमध्ये गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना मनाचा त्रास ओळखायला आणि मानसिक प्रथमोपचार द्यायला शिकवलं गेलं. त्यांच्या जोडीला समुपदेशक होते आणि गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञ. २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त त्याचे निष्कर्ष आले. नैराश्यात असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होतं, दीड वर्षानं ते २७.२ टक्के झालं. मदत दारापर्यंत आली, तेव्हा लोकांनी ती घेतली. आज १४४१६ या ‘टेली-मानस’च्या मानसिक आरोग्य मदतक्रमांकावरही कुणालाही मोफत बोलता येतं.

याच मातीतल्या गाडगेबाबांच्या दशसूत्रीची सुरुवात भुकेल्याला अन्न देण्यापासून होते आणि शेवट दुःखी, निराश माणसाला हिंमत देण्यानं. एलीयाला नेमकं हेच, याच क्रमानं मिळालं होतं.

सावरलेला एलीया पुढं काय करतो, हेही पाहायला हवं. इज्रेल गावी राजवाड्याला लागून नाबोथचा द्राक्षमळा होता. अहाबला तो भाजीच्या बागेसाठी हवा होता. वाडवडिलांची जमीन द्यायची नाही, असं नाबोथनं सांगितलं. ईजबेलनं राजाच्या नावानं पत्रं लिहून, शिक्के मारून, खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथला दगडांनी ठार करवलं. अहाब मळ्याचा ताबा घ्यायला गेला, तेव्हा समोर उभा होता एलीया. झुडपाखाली मरण मागणारा तोच माणूस आता एका शेतकऱ्यासाठी राजाला जाब विचारत होता.

जमीन हिरावली जाण्याचा प्रसंग गाडगेबाबांच्या घरीही आला होता. त्यांचं, म्हणजे डेबूजी जानोरकरांचं बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामाकडे गेलं. सावकारानं कागदोपत्री फसवून मामाची जमीन घशात घातली आणि त्या धक्क्यानं मामा गेला, असं चरित्रकार सांगतात. सावकार शेताचा ताबा घ्यायला आला, तेव्हा तरुण डेबूजी त्याला आडवा झाला. आज अशा शेतकऱ्याच्या हाती निदान कायद्याचा कागद आहे. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम २०१४ नुसार, अवैध सावकारीत गेलेल्या जमिनीसाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो आणि चौकशीत तथ्य आढळलं, तर व्यवहार रद्द करून जमीन मूळ मालकाला परत देण्याचा आदेश ते काढू शकतात. तो अर्ज लिहायला आणि तारखांना सोबत जायला गावातलं कुणीतरी लागतं.