स्टँप, एजंट आणि उचल

दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्यातले पाडे रिकामे व्हायला लागतात. घरात आलेलं भात, नागली, वरी उन्हाळ्यापर्यंत पुरत नाही, म्हणून माणसं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. निघण्याआधी अनेक कुटुंबं मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे, घेतात. कुणाला दवाखान्याचं देणं असतं, कुणाच्या घरी लग्न असतं. दाखल्यांसाठी तहसीलच्या फेऱ्या मात्र वर्षभर चालूच असतात. या दोन्ही वाटांवर गरिबाच्या हातून जाणारा बराच पैसा जायलाच नको असतो. तो जातो तो काही घट्ट बसलेल्या समजुतींमुळे.

त्यातली पहिली म्हणजे, "स्टँपपेपरशिवाय दाखला मिळत नाही." जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला काढताना द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही. सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रालाही नाही. महाराष्ट्रात ही माफी २००४ पासून आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये इतर दस्तांसाठी शंभराच्या जागी पाचशेचा मुद्रांक आला आणि दाखल्यांसाठीही पाचशे मागितले जाऊ लागले. तेव्हा २०२५ मध्ये महसूल खात्याला हीच माफी पुन्हा जाहीर करावी लागली. रोजगार हमीच्या २०२५-२६ च्या दराने दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती. म्हणजे नको असलेल्या एका कागदापायी दीड दिवसाहून जास्त घाम जातो. साध्या कागदावर लिहा, सही किंवा अंगठा करा. कुणी अडवलं तर "कोणत्या नियमानं?" एवढं विचारा आणि उत्तर लेखी मागा.

"एजंटला दिले की काम लवकर होतं." हे म्हणणाऱ्याला मी दोष देत नाही. खोडाळ्याकडच्या पाड्यावरून जीप धरून तालुक्याला यायचं, साहेब भेटले नाहीत म्हणून परतायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं, यात बुडणारी मजुरी एजंटच्या दरापेक्षा जास्त होते. पण २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदती ठरवून दिल्या आहेत. उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस, जातीच्या दाखल्याला ४५ दिवस. मुदत अर्ज दिल्यापासून मोजायची, म्हणून पोचपावती जपून ठेवायची. दाखला वेळेत मिळाला नाही तर अपील करता येतं आणि अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो. सेतू किंवा आपले सरकार केंद्रात फी लागते, ती दरफलकावर लिहिलेली असते. तेवढीच द्यायची आणि पावती घ्यायची.

काही कामांत तर फी हा प्रकारच नाही. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरले गेले, तेव्हा राज्यात ठिकठिकाणी बायकांकडून पैसे उकळले गेले. अंगणवाडीताईंना मात्र प्रत्येक अर्जामागे सरकारच ५० रुपये देणार होतं. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये मिळतात आणि दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर ६,०००. तो अर्ज अंगणवाडीताई किंवा आशाताईकडून विनामूल्य भरून घेता येतो. वनहक्काच्या दाव्यालाही शुल्क नाही. तो ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यायचा असतो आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब हासुद्धा त्यात पुरावा धरला जातो. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

खात्यातले पैसे काढताना बँक मित्राच्या मशिनवर अंगठा लावला की शंभरामागे थोडे कापून घेणं हा रिवाज झाला आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँक मित्राला त्याचं कमिशन बँक देते, ग्राहकाकडून त्याने परस्पर काही घ्यायचं नसतं. याहून मोठा धोका म्हणजे सांगितल्यापेक्षा जास्त रक्कम टाकली जाणं. रक्कम किती टाकली हे न पाहता अंगठा लावू नका. पावती घ्या आणि वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीला सोबत न्या.

आता उचल. "मुकादमाचे पैसे फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही," हे वाक्य लोक कायदा असल्यासारखं बोलतात. कायदा नेमका उलट आहे. उचल देणं हा आपोआप गुन्हा होत नाही. पण त्या पैशापायी माणसाला दुसरीकडे कामाला जाऊ न देणं, डांबून ठेवणं, फुकट किंवा नाममात्र मजुरीवर राबवणं ही वेठबिगारी आहे. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणं हेही सक्तीचं कामच, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये सांगितलं. वेठबिगारी निर्मूलन कायदा १९७६ चा आहे. त्यानुसार असं कर्ज रद्द होतं, फेडायचंच राहत नाही, आणि राबवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार जिथे अडकवलं त्या तालुक्याच्या तहसीलदारांकडे किंवा प्रांतांकडे करायची आणि मुक्ततेचा दाखला मागायचा. तो दाखला हातात असेल तर पुनर्वसनाची सरकारी मदत मागता येते.

"वकील परवडत नाही" ही याच्याच पुढची अडचण. १९८७ च्या कायद्यानुसार अनुसूचित जमातीचा माणूस, कोणतीही स्त्री, कोणतंही मूल आणि वेठबिगारीतून सुटलेला मजूर यांना सरकारी खर्चानं वकील मिळतो. त्यांच्या उत्पन्नाला मर्यादा नाही. जव्हारच्या न्यायालयात विधी सेवा समितीची चौकशी करा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

सावकाराचं व्याज तो सांगेल तेच, असंही धरून चाललं जातं. २०१४ च्या सावकारी कायद्याखालच्या दरांप्रमाणे परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. बिनपरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे होते. शिवाय जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्यानं आदिवासींना होणाऱ्या सावकारीवर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभेच्या हाती ठेवला आहे. मुकादम दिवाळीच्या सुमारास पाड्यावर येतो. लोक निघण्याआधीच्या ग्रामसभेत कुणी किती उचल घेतली, कोणत्या भट्टीसाठी आणि कोणत्या मजुरीवर, हे वहीत लिहून घेता येईल. ती वही गावातच राहील आणि भट्टीवरून फोन आला की तीच उघडायची.