मशीन शॉक देईल, पण उगाच नाही

मोठ्या विमानतळांवर, काही मॉलमध्ये आणि ऑफिसांत भिंतीवर हृदयाचं चिन्ह असलेली पेटी दिसते. आतलं यंत्र म्हणजे एईडी, हृदय बंद पडल्यावर गरज असेल तर शॉक देणारं. समोर कुणी कोसळलं तरी या पेटीला हात लावायला माणसं कचरतात. त्यांना भीती वाटते ती शॉकची. खरं तर भ्यायला हवं उशिराला.

‘चुकून धडधाकट माणसाला शॉक बसला तर?’ पॅड चिकटवल्यावर यंत्र आधी हृदयाची लय तपासतं. हृदयाचे खालचे कप्पे नुसतेच थरथरत असतील किंवा अतिशय वेगाने धडधडत असतील, तरच ते शॉकची तयारी करतं. एरवी बटण कितीही दाबा, काही होत नाही. मात्र पॅड लावायचे ते हाकेला ओ न देणाऱ्या आणि नीट श्वास न घेणाऱ्या माणसालाच. छातीत कळ येतेय असं जो स्वतः सांगतोय, त्याला एईडी नको, 108 ची अँब्युलन्स हवी.

‘नीट श्वास’ म्हणजे काय, इथेच बरेच जण फसतात. हृदय बंद पडल्यावरही पहिली काही मिनिटं माणूस अधूनमधून आचके देतो, घोरल्यासारखा आवाज करतो. ‘श्वास चालू आहे’ म्हणत लोक तोंडावर पाणी मारतात, कांदा हुंगवतात. आचके म्हणजे श्वास नव्हे. कुणाला तरी 108 ला फोन करायला सांगा, दुसऱ्याला एईडी आणायला पिटाळा आणि तोवर छाती दाबायला लागा.

‘हे डॉक्टरांचं काम.’ शिकागोच्या तीन विमानतळांवर 1999 पासून ही यंत्रं जलद चालत मिनिट-दीड मिनिटात गाठता येतील अशी बसवली. पहिल्या दोन वर्षांत हृदय बंद पडलेल्यांपैकी 18 जणांची लय शॉक देण्याजोगी होती. त्यांतले 11 वाचले. या अकरांपैकी सहा जणांना वाचवणाऱ्यांनी एईडीचं कोणतंही प्रशिक्षण घेतलेलं नव्हतं. त्यांतल्या तिघांकडे वैद्यकीय पदवी होती, हेही सांगायला हवं. पण ज्या चौघांसाठी पाच मिनिटांत यंत्र वापरलं गेलं नाही, त्यांतला एकही वाचला नाही. सीपीआर, म्हणजे छाती दाबणं, मिळालं नाही, तर शॉकला होणाऱ्या उशिराच्या प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते.

सिनेमाने वेगळाच घोळ करून ठेवलाय. मॉनिटरवर सरळ रेष, एक झटका, आणि हिरो उठून बसतो! प्रत्यक्षात सरळ रेषेवर शॉकचा उपयोग नसतो. अशा वेळी एईडी ‘शॉकची गरज नाही’ असं सांगतं आणि जमलेले लोक सुटकेचा निःश्वास सोडतात. इतका घातक गैरसमज दुसरा नसेल. माणूस बरा आहे, असं यंत्र म्हणालेलंच नसतं. छाती दाबत राहायचं: मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल. शॉक दिल्यानंतरही लगेच हेच. दोन मिनिटांनी यंत्र पुन्हा लय तपासतं. तेव्हा आणि शॉकच्या क्षणी मात्र कुणीही अंगाला हात लावायचा नाही.

ओलं अंग, पावसातला रस्ता? डबक्यातून बाजूला ओढा, छाती खसखसून पुसा. मंगळसूत्र काढत बसू नका, पॅडखाली येणार नाही इतकं सरकवा. एक पॅड उजव्या कॉलरबोनखाली, दुसरा डाव्या काखेच्या खाली, दोन्ही थेट कातडीवर. बाई असेल तर ब्लाऊज सरळ कापा; संकोचापायी बायकांना ही मदत कमी मिळते. पेसमेकरचा उंचवटा दिसला, तर पॅड त्याच्यापासून थोडा दूर. गरोदरपण आड येत नाही. आठ वर्षांखालच्या मुलाला लहान पॅड नसतील तर मोठेच लावा, एक छातीच्या मधोमध, एक पाठीवर.

माणसाने डोळे उघडले, तरी पॅड काढू नका, यंत्र बंद करू नका. लय पुन्हा बिघडू शकते.

आणि ‘पेटी बसवली, काम झालं’ हा सोसायट्यांचा लाडका समज. पॅडवरचा जेल सुकतो, म्हणून पाकिटावर मुदतीची तारीख असते. बॅटरीही उतरते. कुलूप लावून किल्ली वॉचमनकडे ठेवली असेल आणि वॉचमन चहाला गेला असेल, तर ते यंत्र असून नसल्यासारखंच.