चूल आणि वैल

मातीची चूल पाहिलेल्यांना वैल आठवेल. चुलीला लागूनच दुसरं तोंड, पण त्यात वेगळं लाकूड घालायचं नाही. चुलीवर भाकऱ्या होत असताना आतल्या वाटेनं जी धग पुढं सरकते, तिच्यावर आमटी गरम राहायची, दूध तापायचं. आजीच्या वैलावर काही ना काही असायचंच. नेदरलँड्समध्ये डेटा सेंटरच्या, म्हणजे संगणकांनी भरलेल्या इमारतींच्या, उष्णतेचं जे चाललं आहे, ते वाचताना मला सारखी तिचीच चूल दिसते.

संगणक जेवढी वीज घेतो तिची जवळजवळ सगळी उष्णताच होते. १ किलोवॉटचा सर्व्हर आणि १ किलोवॉटचा हीटर खोली सारखीच तापवतात. सर्व्हर जाताजाता कुणाची आकडेमोडही करून देतो. ही उष्णता पूर्णपणे पाण्याला देता आली, तर साडेतीन तासांत १०० लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर जाईल. पाच बादल्या; एका कुटुंबाचं अभ्यंगस्नान.

मग तिची परत वीजच का करू नये? कारण ही धग मंद आहे. सर्व्हरमागून येणारी हवा ३५ अंशांच्या आसपास, बाहेर १० अंश असतील, तर भौतिकशास्त्राच्या नियमानुसार सर्वांत आदर्श यंत्रसुद्धा त्यातून फार तर ८ टक्के वीज काढू शकेल. प्रत्यक्षातलं यंत्र त्याहून बरंच कमी. म्हणून उष्णता उष्णता म्हणूनच वापरायची. डच लोक तिला ‘रेस्टवार्म्ते’ म्हणतात, उरलेली ऊब.

ही ऊब त्या देशात इतकी का, याला इतिहास आहे. १७ नोव्हेंबर १९८८ रोजी ॲमस्टरडॅममधल्या गणित व संगणकशास्त्र संस्थेत युरोपला खुल्या इंटरनेटची जोडणी मिळाली. पुढे त्याच परिसरात इंटरनेटची मोठी देवाणघेवाण सुरू झाली आणि भोवती डेटा सेंटरं वाढली. इतकी, की जुलै २०१९ मध्ये ॲमस्टरडॅम आणि शेजारच्या हार्लेमरमेरनं नव्या डेटा सेंटरांना वर्षभर मनाई केली.

उत्तरेकडे ग्रोनिंगन प्रांतात मात्र गोष्ट गॅसची होती. १९५९ मध्ये स्लोख्टरनजवळ प्रचंड साठा सापडला आणि देशातली जवळजवळ सगळी घरं नैसर्गिक गॅसवर तापू लागली. गॅस उपसला तशी जमीन खचली, हादरे बसू लागले. ऑगस्ट २०१२ मध्ये हाउझिंगं गावाजवळ ३.६ तीव्रतेचा भूकंप झाला. आपल्याला हा आकडा छोटा वाटेल, पण केंद्र उथळ होतं, घरं विटांची होती, आणि दोष माणसाचा होता. भेगा पडलेल्या भिंतींचा प्रश्न लोकांनी सोडला नाही. १ जुलै २०१८ पासून नव्या घरांना सहसा गॅसजोडणी मिळत नाही. १ ऑक्टोबर २०२३ रोजी ग्रोनिंगनचा उपसा थांबला.

गॅस नाही तर घरं कशानं तापवायची? ग्रोनिंगन शहरात नगरपालिका आणि पाणीपुरवठा कंपनी यांच्या ‘वार्म्तेस्टाड’नं आधी खोल जमिनीतली उष्णता वर आणायचं ठरवलं होतं. हादऱ्यांनी पोळलेल्या प्रांतात आणखी खोल खणण्याचा धोका नको, म्हणून २०१७ मध्ये तो बेत सुटला. मग लक्ष गेलं ते विद्यापीठाच्या झेर्निके परिसरातल्या डेटा सेंटरांकडे. त्यांची कोमट ऊब उष्णतापंपानं चढवून जमिनीखालच्या नळांतून घरांत आणि वसतिगृहांत पोचवली जाते. उष्णतापंप म्हणजे उलटा चालणारा फ्रिज. त्याला वीज लागतेच, पण नुसत्या विजेच्या शेगडीपेक्षा बरीच कमी.

याहून धाडसी कल्पना डेल्फ्टच्या ‘नर्डलाइझ’ची. उष्णता घरापर्यंत न्यायचीच कशाला, सर्व्हरच घरात बसवू! २०१५ मध्ये एनेको या वीजकंपनीबरोबर त्यांनी पाच घरांत सर्व्हर भरलेले रेडिएटर लावून पाहिले. हिशेब इंटरनेटवरून कुणा संशोधकाचा, ऊब घरमालकाची. अडचण उन्हाळ्याची: ऊब नको तेव्हाही आकडेमोड थांबत नाही. म्हणून पुढे त्यांनी खोलीऐवजी आंघोळीचं पाणी तापवायला घेतलं, कारण आंघोळ बारा महिने असते. विचार अचूक होता, तरी २०१८ च्या अखेरीस कंपनीचं दिवाळं निघालं. याचं मला वाईट वाटतं. तीच वाट आता ॲमस्टरडॅमच्या ‘लीफक्लाउड’नं धरली आहे, त्यांचे सर्व्हर मोठ्या निवासी इमारतींत बसतात आणि सगळ्या बिऱ्हाडांचं पाणी तापवायला हातभार लावतात.

मला सर्वांत आवडतं ते आल्समेर, फुलांच्या लिलावाचं गाव. तिथल्या डेटा सेंटरची ऊब ‘द वाटरलेली’ या जलतरण तलावाला मिळते. तलावाला कोमट पाणीच हवं असतं, तेही वर्षभर, आणि तो जवळ आहे. या तीन गोष्टी एकत्र आल्या की पंपाचं काम हलकं होतं.

खरी मेख ‘जवळ’ या शब्दात आहे. वीज शेकडो किलोमीटर जाते. कोमट पाणी थोडं दूर गेलं तरी नळ पुरण्याचा खर्चच सगळा फायदा खाऊन टाकतो. महाकाय डेटा सेंटरांना मात्र मोकळी, स्वस्त जमीन हवी असते, म्हणजे नेमकी माणसांपासून दूर. झेवोल्डं इथं मेटा कंपनीला शेतजमिनीवर देशातलं सर्वांत मोठं डेटा सेंटर बांधायचं होतं. डिसेंबर २०२१ मध्ये गावच्या परिषदेनं मंजुरी दिली, पण विरोध इतका झाला की जुलै २०२२ मध्ये कंपनीनं माघार घेतली. ऊब घ्यायला शेजारी भाज्यांची काचघरं असली तरी प्रश्न सुटतोच असं नाही. अनेक बागायतदारांकडे गॅसची इंजिनं आहेत. ती उष्णता आणि वीज देतात, शिवाय टोमॅटोच्या वाढीला लागणारा कार्बन डायऑक्साइडही. नुसती कोमट ऊब त्यांना अपुरी पडते.

युरोपीय संघाच्या २०२३ च्या ऊर्जा कार्यक्षमता निर्देशानुसार १ मेगावॉटहून मोठ्या डेटा सेंटरनं उरलेली ऊब वापरली पाहिजे. ते तांत्रिक वा आर्थिकदृष्ट्या शक्य नसेल तरच सूट. हा दंडक मला योग्य वाटतो, पण जागा निवडतानाच तो डोळ्यांसमोर हवा. भाकऱ्या सुरू झाल्यावर चुलीला वैल जोडता येत नाही.

आपल्याकडे ऐरोली, रबाळे, महापे इथं डेटा सेंटरांची रांग उभी राहते आहे. नवी मुंबईत घरं तापवायची नाहीत, हे खरं. पण वाळवणाला ४०–५० अंशांची कोरडी हवा पुरते, आणि सर्व्हरमागची हवा त्या आकड्याच्या फार मागे नाही. ऐरोलीला लागूनच दिवा कोळीवाडा आहे. श्रावण-भाद्रपदात आभाळ भरलेलं असतं आणि मासळी वाळत घालायला ऊन मिळत नाही.