एकाच वर्षी, दोन शहरांत

१९१३ साली न्यूयॉर्कच्या ज्यू स्त्रियांच्या ‘हदासा’ या अवघ्या वर्षभराच्या संस्थेनं पैसे उभे केले आणि दोन परिचारिका थेट जेरुसलेमला धाडल्या. त्याच वर्षी इकडे मुंबईत ज्यू स्त्रियांची आणखी एक संस्था जन्माला आली: बेने इस्राएल स्त्री मंडळ. या बायका घरात मराठी बोलत, लुगडी नेसत आणि त्यांची आडनावं दिवेकर, अष्टमकर, केहीमकर अशी, कोकणातल्या गावांवरून पडलेली.

त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, असं हा बेने इस्राएल ज्यू समाज परंपरेनं सांगतो. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.

ज्यू धर्मात दान हे कर्तव्यच. पुष्कळ ज्यू घरांत दानपेटी असते आणि शुक्रवारी सांजवेळी शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लावण्याआधी घरची बाई तीत नाणी टाकते. बाराव्या शतकातल्या मैमोनिडीस या धर्मपंडितानं तर दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. घेणारा आणि देणारा एकमेकांना ठाऊकच नसणं, ही त्यांतली फार वरची पायरी. सगळ्यात वरची मात्र वेगळीच: कर्ज देऊन, भागीदारी करून किंवा काम देऊन माणसाला असं उभं करायचं, की पुन्हा त्याला हात पसरावा लागू नये. बीड जिल्ह्यातल्या बचत गटाच्या बैठकीत बसलेल्या कुठल्याही बाईला ही पायरी समजावून सांगावी लागणार नाही!

शिवाय मुंबई-पुण्याची हवाही तशीच होती. पारशी स्त्रियांचं ‘स्त्री झरतोस्ती मंडळ’ १९०३ पासून काम करत होतं. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं. एकीकडे दानाचा हा प्राचीन धर्म, दुसरीकडे स्त्रियांनी स्वतः संस्था चालवण्याची ही नवी ओढ. स्त्री मंडळ नेमकं या दोहोंच्या संगमावर उभं राहिलं.

त्या पिढीच्या बेने इस्राएल स्त्रिया पाहिल्या की थक्क व्हायला होतं. रिबेका रूबेन १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिल्या आल्या. पुढे १८७५ साली सुरू झालेल्या समाजाच्याच शाळेच्या त्या मुख्याध्यापिका झाल्या. आज ती सर एली कदूरी शाळा म्हणून ओळखली जाते. डॉ. जेरुशा झिराड सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडमध्ये शिकल्या, १९१९ मध्ये लंडनच्या एम.डी. झाल्या आणि नंतर मुंबईतल्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एकीनं मुली शिकवल्या, दुसरीनं बाळंतिणी वाचवल्या. मैमोनिडीसची सगळ्यात वरची पायरी याहून वेगळी ती काय?

आणि हा समाज केवढा? जेमतेम काही हजारांचा! १९४८ नंतर त्यातले बहुतेक इस्राएलला गेले. जाताना मराठी घेऊन गेले. १८८० च्या सुमारास इथं सुरू झालेली, बायबलमधल्या कथांची मराठी कीर्तनंही घेऊन गेले. ती कीर्तनं पुढे प्रामुख्यानं स्त्रियांनीच गाऊन जिवंत ठेवली.

२०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. तो कागदावरचा मान झाला. पण महाराष्ट्रातल्या स्त्रियांच्या कार्याचा इतिहास लिहिताना सेवासदनाच्या शेजारी या स्त्री मंडळाचं नावही यायलाच हवं. तो वारसा मराठी आहे, आपला आहे.